बासष्ट किलोंचा रघू

रोह्यात वेगाचं वेड असलेले पुष्कळ लोक मी पाहिलेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या गाडीची सीट मीच शिवलेली आहे. माझं नाव पुंडलिक. अष्टमीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सीट कव्हरचं दुकान. मला स्वतःला वेगाचं जराही कौतुक नाही. गाडीने माणसाला धडपणे घरी पोचवावं, एवढीच माझी तिच्याकडून अपेक्षा. तरीही मी केरू मोकलबद्दल लिहायला बसलोय, कारण सत्त्याण्णवच्या सुमाराला ज्यांनी त्याची टिंगल केली त्यांत मी सगळ्यात पुढे होतो. हे मी सांगितलं नाही तर दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल.

केरू पेण तालुक्यातल्या खाडीकाठचा. बाप मिठागरात, आजा मिठागरात, थोरला भाऊ कान्हू अजूनही मिठागरातच. मिठाच्या वाफ्यात पाणी सोडण्याआधी त्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते आणि ती तयार झाली की नाही हे तळपायालाच कळतं. केरूचं लहानपण त्या तुडवण्यात गेलं. पुढे तो पेणला एका गॅरेजात लागला, तिथून पुण्याला गेला, रेसच्या गाड्या तयार करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली पाच वर्षं काढली आणि परत आला. माझ्या शेजारचा गाळा घेतला आणि वर पाटी लावली, ‘येथे शॉकअपचे काम शास्त्रोक्त पद्धतीने होईल.’

मी पाटी वाचली आणि म्हटलं, “केरू, शॉकअप बसवतोस की सत्यनारायण घालतोस?”

त्याला राग आला नाही. केरूला राग येतच नसे, तो समजावून सांगत बसे, आणि त्याचा ताप रागापेक्षा जास्त होता. मी सुईत दोरा ओवत असायचो आणि हा समोर उकिडवा बसून सांगायचा. गाडीवर माणूस बसला की गाडी थोडी खाली बसते. शॉकअपला खालीवर व्हायला जेवढी जागा असते, तिच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी ती बसावी. जास्त बसली तर खड्ड्यात आपटते. कमी बसली तर चाक खड्ड्यात उतरतच नाही, वरच्यावर उड्या मारतं, आणि वळणावर उडालेलं चाक म्हणजे हॉस्पिटल.

“पुंडलिकदादा, चाक जमिनीला चिकटून रावला पायजे. बाकी सगला दिखावा हाय.”

हे सगळं खरं असेल, पण रोह्याला ते नको होतं. धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारे लोक यायचे आणि म्हणायचे, गाडी मऊ करून दे. कॉलेजची पोरं यायची आणि म्हणायची, मागून उंच करून दे, भारी दिसते. केरू दोघांनाही तिसरंच काहीतरी सांगायचा आणि दोघेही निघून जायचे. एकदा हमरापूरचा एक मूर्तिकार आला. मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर गणपती, आणि पेणपर्यंत सोंडेचा टवका उडता कामा नये. केरूने त्याची गाडी केली आणि त्या भाद्रपदात त्या माणसाच्या एकाही मूर्तीचं बोट तुटलं नाही. वर्षभरातलं कौतुक म्हणजे एवढंच. बाकी सगळा वेळ तो गळणारे ऑइल सील बदलत बसायचा.

काम करायची त्याची पद्धतही लोकांच्या चेष्टेचा विषय होती. गाडी तपासायला निघाला की तो चपला काढून दुकानात ठेवायचा. अनवाणी पाय फूटरेस्टवर टेकून सुकेळी खिंडीत जायचा, वळणं घ्यायचा आणि परत येऊन सांगायचा, पुढचं तेल पातळ झालंय किंवा मागची डावी स्प्रिंग थकलीय. मी एकदा गाडीतला बिघाड मुद्दाम खोटा सांगून त्याची परीक्षा घेतली होती. तो बरोबर निघाला. हे मात्र मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर कान्हू पेणहून आला. काळा, उंच, खांद्यावर गोणी वाहून वाहून एका बाजूला जरा झुकलेला माणूस. चहाला नको म्हणाला आणि उभ्याउभ्याच बोलला.

“केरू, आगर दोन मानसांशिवाय चालत नाय. गेल्या साली मी एकट्यान वढला. या साली नाय जमायचा. तुज्या दुकानान दिसभर माशा बसतान. चल घरा.”

केरू खाली मान घालून पाना पुसत राहिला. मग म्हणाला, “दादा, मना जानेवारीपरत दे. कोलाडच्या बाजूला शर्यत हाय. माजी गाडी पयल्या तिघांत आली तं मी हतंच रानार. नाय आली तं दुसऱ्या दिशी आगरावर येतंय, परत कदी नाव काढनार नाय.”

 “बोललास हां,” कान्हू म्हणाला आणि स्टेशनकडे निघून गेला.

ही शर्यत म्हणजे काय ते सांगतो. भात कापून झालं की आमच्या इकडे खाचरांत वाल पेरतात. ज्या खाचरांत वाल पेरले नव्हते अशी वीसेक खाचरं गावाने मोकळी ठेवली होती आणि त्यांतून शर्यतीची वाट आखली होती. खाचर म्हटलं की बांध आला. दर पंचवीस-तीस पावलांवर गुडघाभर बांध, त्यावरून गाडी उडवायची, खाली आपटायची, वळायची, परत बांध. असे आठ फेरे. इंजिन कितीही जोरात असो, बांधावर गाडी सांभाळता आली नाही तर माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, आणि तिथेच मागे पडतो. केरूला हवी होती तशीच ती शर्यत होती.

गाडी चालवणार होता रघू. धाटावला एका कंपनीत ऑपरेटर, गाव रोह्याच्या वरच्या अंगाला, घरची भातशेती. पोरगा गाडीवर बसला की गाडीचाच भाग वाटायचा. त्याची शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक केरूने महिनाभर आधी ताब्यात घेतली. पुढच्या फोर्कमधल्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधल्या, स्प्रिंगांवर पाइपाचे तुकडे कापून घालायचे, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते. मागे वेगवेगळ्या गाड्यांच्या स्प्रिंगा लावून बघायच्या. फोर्क क्लॅम्पमधून थोडा वर सरकवायचा, म्हणजे गाडी वळायला चपळ होते. आणि प्रत्येक बदलानंतर माणूस बसवून गाडी किती खाली जाते ते मोजायचं.

अडचण तिथेच होती. रघूची दुसरी शिफ्ट होती. तो सकाळी घरच्या शेतावर असायचा, दुपारी तीनला कंपनीत जायचा आणि केरूचं हे काम संध्याकाळी, गिऱ्हाइकं संपल्यावर चालायचं. केरूने त्यावर तोड काढली. हेल्मेट, बूट, जाड जाकीट घालून रघूचं वजन बासष्ट किलो भरलं. केरूच्या गाळ्यात कोपऱ्यात घरच्या मिठाची एक गोण होती, मे महिन्यात आणलेली, तिच्यावर लाल रंगाने लिहिलेलं, ६२. केरू खूश झाला. ती गोण सीटवर चढवायची, बांधायची आणि मोजायचं. आम्ही त्या गोणीला रघूच म्हणायला लागलो.

“पुंडलिकदादा, जरा रघूला हात लावा,” केरू हाक मारायचा आणि मी शिव्या देत उठायचो. माझी कंबर तेव्हाही फारशी चांगली नव्हती.

असे तीन आठवडे गेले. शेवटी मागच्या स्प्रिंगांची एक जोडी जमली. मोजमाप अगदी मिलिमीटरला बरोबर. जाड तारेची एक जोडी त्याने फार कडक म्हणून बाजूला काढली आणि खिळ्याला टांगली. शर्यत रविवारी होती. गुरुवारी रघूची सुट्टी होती, तेव्हा तो पहिल्यांदा गाडी घेऊन खाचरांत उतरला. मीही गेलो होतो. काम नव्हतं म्हणून गेलो असं मी तेव्हा म्हणालो, पण खरं सांगायचं तर मला राहवलं नव्हतं.

पहिल्याच बांधावर धाडकन आवाज आला. दुसऱ्यावरही आला. तिसऱ्या बांधावर रघूचा हात सुटता सुटता राहिला. तो परत आला आणि मनगट चोळत म्हणाला, “केरूदादा, गाडी तळाला आपटते. ब्रेक मारला का तोंडावर पडते. हिच्यावर आठ फेरं नाय व्हायचं.”

केरूचा चेहरा बघवत नव्हता. “तेल पातल हाय,” तो म्हणाला आणि आम्ही परत आलो. त्याने फोर्कमध्ये जाड तेल भरलं. शुक्रवारी सकाळी शिफ्टच्या आधी रघूने परत पाहिलं. आता लहान दगडावरही हादरे बसायला लागले आणि मोठ्या बांधावर गाडी आपटायची ती आपटतच राहिली. सगळंच बिघडलं होतं. केरू दुकानाच्या पायरीवर बसला आणि मला म्हणाला, “मिलिमीटरला बरोबर हाय, दादा. मंग चुकला काय?”

मला त्याची चेष्टा सुचली नाही. एवढं काम केलेला माणूस सोमवारी फावडं घेऊन वाफ्यात उतरणार, या विचाराने मला मनापासून वाईट वाटलं.

दुपारी बाराच्या सुमाराला कान्हू आला. आगाऊ कळवलेलं नव्हतं. दारात उभा राहिला, भावाचं तोंड पाहिलं, काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग विचारलं, “काय झाला?”

केरूने सगळं सांगितलं. कान्हूला शॉकअपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो मान हलवत राहिला. केरूने गाडी दाखवली, फूटपट्टी दाखवली, वहीतले आकडे दाखवले, आणि शेवटी पटावं म्हणून म्हणाला, “थांब, रघूला बसवून दाकवतंय.” तो गोण उचलायला वाकला. कान्हू म्हणाला, “बाजूला सर, तुज्यान नाय व्हायचा,” आणि सवयीने त्याने ती गोण एका झटक्यात खांद्यावर घेतली.

घेतली आणि तसाच उभा राहिला. गोण खांद्यावर एकदा हलवून पाहिली.

“ही किती म्हनतंस?”

“बासष्ट. वर लिवलाय नं.”

“ही बासष्टची नाय.” कान्हूने गोण खाली टाकली. “पन्नास-एकावन असंल. कदी आनलीस?”

“मे महिन्यान.”

“आनि पावसाल्यान कुठं व्हती?”

केरूने कोपऱ्याकडे बोट केलं. त्या कोपऱ्यातली फरशी पांढरी पडली होती. श्रावणात तिथे ओल यायची म्हणून केरू रोज पोतेरं मारायचा, हे मी स्वतः पाहिलं होतं, आणि छप्पर गळतंय म्हणून मालकाला दोनदा सांगूनही आलो होतो.

“अरं, मीठ पावसाल्यान रडतं,” कान्हू ओरडला. “मिठागराचा पोर तू, आनि तुना ह्या ठाव नाय? सगला पानी होऊन गेला आनि तू रंगाचा आकडा वाचत बसलास!”

आम्ही गोण हातगाडीवर घालून बाजारातल्या भुसारी दुकानात नेली. काट्यावर एकावन्न किलो भरली. केरूने काट्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. अकरा किलो! तीन आठवडे त्याने अकरा किलो कमी वजनाच्या रघूसाठी गाडी तयार केली होती. त्यातून गोण सीटवर मागे बसते, आणि खरा रघू बांधावर फूटरेस्टवर उभा राहून पुढे झुकतो. म्हणजे पुढचा फोर्क तर दुप्पट फसला होता.

पहिल्यांदा मी हसलो. मग कान्हू हसला. आणि मग केरू एवढा हसला की भुसारी दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला.

रघूने शुक्रवारची शिफ्ट दुसऱ्याला दिली आणि तो स्वतः, हेल्मेट-जाकिटासकट, गाडीवर येऊन बसला. आता केरूच्या हाताला असा वेग आला की मी बघतच राहिलो. जाड तेल काढलं, पहिलंच तेल परत भरलं. पाऊण इंचाचे तुकडे काढून सव्वा इंचाचे घातले. मागे खिळ्याला टांगलेली ती जाड तारेची जोडी चढवली. रघू बसला, उठला, उभा राहिला, परत बसला. केरू फोर्कच्या नळीवर एक काळी रबरी रिंग सरकवून ठेवायचा. फोर्क दबला की रिंग वर सरकते आणि तिथेच राहते, म्हणजे किती दबला ते दिसतं. कान्हूला ते फार आवडलं. तो खाली बसून रिंग बघायचा आणि आकडा सांगायचा. मी सीटचा फोम काढून पुढच्या बाजूला घट्ट फोम भरला, म्हणजे रघूला मागे घसरायला नको. कुणी सांगितलं नव्हतं, मीच केलं.

संध्याकाळी केरू चपला काढून सुकेळी खिंडीत जाऊन आला. गाडी उभी केली आणि म्हणाला, “चिकटला.” एवढंच म्हणाला. शनिवारी खाचरांत रघूने दहा बांध एका दमात उडवले आणि एकदाही आपटल्याचा आवाज आला नाही. काळी रिंग नळीच्या टोकापासून बोटभर खाली थांबली होती. जितकी जागा वापरायची तितकी वापरली होती आणि थोडी शिल्लक ठेवली होती. कान्हू शनिवारीही थांबला. मिठागराचे दिवस असूनही थांबला, याचं मला नवल वाटलं, पण मी विचारलं नाही.

रविवारी बावीस गाड्या होत्या. पनवेलचा शिवा नावाचा एक पोरगा परदेशातून मागवलेले गॅसचे शॉकअप लावून आला होता आणि सगळी गर्दी त्याच्या गाडीभोवती. रघूच्या गाडीपाशी आम्ही तिघेच. कुणीतरी केरूच्या पाइपाच्या तुकड्यांबद्दल काहीतरी बोललं आणि दहा-बारा जण हसले. मी उलट बोलणार होतो, पण कान्हूने माझा दंड धरला.

झेंडा पडला. रघू सुरुवातीला आठवा होता, कारण पहिल्या खाचरात सगळे एकमेकांना ढकलत होते. मग बांध सुरू झाले. मला यातलं फारसं काही कळत नाही, पण त्या दिवशी माझ्यासारख्यालाही कळलं. बांध आला की प्रत्येक गाडीचा आवाज बसायचा. माणूस ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी उडायची, आपटायची, डगमगायची आणि मग परत आवाज चढायचा. एकच आवाज कुठेच बसत नव्हता. रघू बांधावरून उडायचा, चाकं जमिनीला लागायची आणि तिथेच चिकटायची, आणि तो पुढच्या वळणात शिरलेला असायचा. दुसऱ्या फेऱ्यात तो सहावा होता. चौथ्यात तिसरा.

“तिसरा हाय!” मी ओरडलो. “कान्हू, तिसरा हाय! पुरे आता, सांग त्याला, सांभालून चालव!” घाबरलो की मीसुद्धा असाच बोलायला लागतो.

केरू मात्र ओठ घट्ट मिटून उभा होता. अनवाणी. पायांची बोटं मातीत रुतवून तो गाडीबरोबर खालीवर होत होता.

सातव्या फेऱ्यात रघू दुसरा झाला. दर फेऱ्याच्या शेवटी दोन बांध लागोपाठ होते, मध्ये जेमतेम गाडीभर जागा. सगळ्यांत पुढे असलेला शिवा प्रत्येक वेळी तिथे वेग कमी करायचा. त्याचे शॉकअप भारी होते, पण ते त्याच्या वजनाला कुणी बसवून दिलेच नव्हते, डब्यातून काढले तसेच लावलेले. आठव्या फेऱ्यात रघूने वेग कमी केला नाही. पहिला बांध, दुसरा बांध, मागचं चाक एकदाच धुरळा उडवून बसलं आणि तो आतल्या बाजूने पुढे निघाला. दोन गाड्यांच्या अंतराने तो पहिला आला.

मी काय केलं ते मला आठवत नाही. लोक सांगतात की मी टोपी फेकली. ती टोपी मला अजून मिळालेली नाही. ज्यांनी पाइपाच्या तुकड्यांवर दात काढले होते तेच केरूला खांद्यावर घेऊन नाचत होते. शिवा हेल्मेट काढून आला, घामाने निथळत, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “शॉकअपचं काम कुणी केलं? माझी गाडी उद्या आणू का?” दुसरा एक जण म्हणाला, माझी आज. केरू खांद्यावरूनच हो म्हणत होता, नाही म्हणत होता, रडत होता आणि हसत होता.

शेवटी तो खाली उतरला आणि गर्दीतून वाट काढत बांधावर बसलेल्या कान्हूकडे आला. मी मागोमाग होतोच.

“दादा, पयला आला.”

“दिसला मना.”

“मंग मी हतंच राहू ना? आगराचा कसा करशील?”

“वढावचा जनू येतं कामाला,” कान्हू म्हणाला. “बुधवारपासून.”

केरूला कळेना. “येत्या बुधवारपासून?”

“गेल्या.”

 गेला बुधवार म्हणजे गाडी आपटायच्याही आधीचा दिवस. म्हणजे शुक्रवारी हा माणूस दारात उभा राहिला तो हेच सांगायला आला होता, की तुला यायला नको, तुझं दुकान चालव. आणि तोंड उघडून गप्प बसला होता.

“मंग तवाच का नाय बोललास?” केरूने विचारलं.

कान्हूने चड्डीवरची माती झटकली आणि उठला. “तवा तुजा तोंड पडला व्हता. तवा बोललो असतो तं तुना वाटला असता, हरतंय म्हनून दादान मना मोकला सोरला. जल्मभर वाटला असता.” त्याने केरूच्या डोक्यावर हात ठेवला आणि केस विस्कटले. “आता जिकलास. आता घे.”